दारांची नाव

नानांची नाव मोकळ्या पाण्यात वळणं घ्यायची. समोर खडक नाही, दुसरी होडी नाही, चहूकडे नुसतं सपाट पाणी, आणि हा माणूस सुकाणू दाबून नाव काटकोनात डावीकडे घ्यायचा. वळताना ओरडायचा, "बाजू! बाजू व्हा रे!" मग थोडं सरळ जाऊन पुन्हा उजवीकडे. पहिल्यांदा मी त्या नावेत बसले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. शीड वाऱ्याने भरलेलं, पलीकडचा काठ नाकासमोर, आणि आम्ही भाजी आणायला निघाल्यासारखे गल्लीबोळांतून चाललो होतो.

"नाना, सरळ का नाही जात?"

"सरळ? पाटीलना घरमाईन?" नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडी. पुढे एका जागी त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, मलाही खुणेनं काढायला लावल्या आणि पाण्याकडे बघून हात जोडले. "मारोती," एवढंच म्हणाले. ती जागा मागे पडल्यावर वहाणा पुन्हा पायात.

पारोळ्यापासून अर्ध्या तासावर हे धरण आहे. त्याच्या पोटात नानांचं जुनं गाव आहे. गाव उठलं तेव्हा नाना तिशीचे होते आणि पंचक्रोशीत बैलगाड्या करणारा सुतार म्हणून नावाजलेले होते. लोक माळावरच्या नव्या गावात राहायला गेले. नानाही गेले, पण नुसते झोपण्यापुरते. गावात गाड्या कमी झाल्या आणि पुढ्यात एवढं पाणी आलं, तेव्हा त्यांनी नाव केली. पलीकडच्या काठावर कपाशीची शेतं असलेल्या लोकांना ते चाळीस वर्षं ने-आण करत होते, आणि ती सगळी वर्षं जुन्या गावाच्या रस्त्यांनीच. "पानी मोठं व्हयनं म्हनीसन गाव धाकलं व्हत नही," असं ते म्हणायचे. नाना गेले त्याला आता दोन पावसाळे झाले.

मी धुळ्याच्या तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवायचे. मुंबईला शिकत असताना मला शिडाच्या होड्यांचा नाद लागला आणि तो लग्न, बदल्या, चष्मा, गुडघेदुखी या सगळ्यांना पुरून उरला. धुळ्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि ही बाई जहाजाचे नकाशे काढते, म्हणून शेजारणी हसायच्या. निवृत्त झाल्यावर मी ठरवलं की आपल्याकडच्या धरणांसाठी, आपल्याकडच्या लाकडाची, एका माणसाला हाकता येईल अशी छोटी शिडाची होडी कागदावर उतरवायची. कुणीतरी म्हणालं, पारोळ्याकडे एक म्हातारा आहे, त्याच्याकडे अशी होडी आहे. मी वही आणि टेप घेऊन निघाले. शिकवायला निघाले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

नानांचं सगळं माप गाडीचं. होडीच्या अंगाला ते साटा म्हणत, डोलकाठीच्या बुंध्याला धुरा. "नाव म्हंजे गाडीच शे, फक्त बैल वरतीन पयतस," असं म्हणून ते आभाळाकडे बोट करत. बरगड्यांना बाभळीच्या मुळातच वाकलेल्या फांद्या, फटी बुजवायला जिनातला कापूस, राळ आणि जवसाचं तेल, शिडाला मांजरपाट. तो मांजरपाट बाभळीच्या सालीच्या पाण्यात शिजवून काढलेला, त्यामुळे रंग वीटकरी आणि बुरशीची बिशाद नाही. डोलकाठी आखूड आणि शीड पसरट, कारण धरणाच्या भिंतीवरून उतरणारा वारा मधेच थप्पड मारतो. हे सगळं ते कुणाकडून शिकले? फार वर्षांपूर्वी त्यांचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सुरतेला गिरणीत कामाला गेले आणि परत आले नाहीत. नाना त्यांना शोधायला सुरतेला गेले. दोन महिने फिरले. तापीच्या मुखाशी बसून समुद्रातून येणाऱ्या होड्या बघत राहिले. "दाजी नही सापडनात. शीड सापडनं," असं त्यांनी मला सांगितलं आणि विडी पेटवायला तोंड वळवलं.

पण सगळ्यात विलक्षण होता तो नावेचा तळ. नाव पालथी घातलेली पाहिली तेव्हा मी खालीच बसले. तळाला लांब फळ्या नव्हत्या. आडवी, एकाला एक भिडवून दारं बसवलेली होती. घरांची दारं. धरणाचं पाणी उंबऱ्यांना लागलं तेव्हा नाना एकटे परत गेले होते आणि लोकांनी मागे ठेवलेली दारं उपटून घेऊन आले होते. नाही तरी सडतील, घेऊन जा, असं लोकांनीच सांगितलं होतं. नाना पुढून मागे बोट ठेवत जायचे: हे तेल्याचं, हे शाळामास्तरांचं, हे पाटलाच्या गोठ्याचं. सगळी कापून, रंधून बसवलेली. फक्त मधलं दार न कापता, अखंड बसवलं होतं, आणि त्यावर मात्र बोट ठेवून ते काही बोलायचे नाहीत. त्याची लोखंडी कडीसुद्धा खालच्या अंगाला तशीच लटकत होती. मी विचारलं तर म्हणाले, "काढाले गयं तर लाकूड फाटस."

होडीची रुंदी साडेतीन हात. ती त्या लांबीच्या होडीला जरा कमीच. मी चार हात करू म्हटलं, वाऱ्यात जास्त स्थिर राहील. वजन, तोल, केंद्र, सगळं आकृत्या काढून समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. "गल्ली साडेतीन हातनी शे. चार हातनी गाडी अडकी जाई," म्हणाले. "नाना, गल्ली पाण्याखाली आहे," मी म्हटलं. "मंग?" ते म्हणाले. घरी येऊन मी वहीत लिहिलं: रुंदी परंपरेने ठरलेली, गल्लीच्या मापावरून. लिहून झाल्यावर मला ते फारच आवडलं. दोन-तीन ठिकाणी व्याख्यानातही मी ते ठोकून दिलं.

मग कार्तिकातली ती दुपार आली. नावेत आम्ही दोघंच होतो. वारं एकदम पडलं आणि शीड लोंबायला लागलं. एरवी असं झालं की नाना वल्हं हातात घ्यायचे, पण त्या दिवशी वल्हं मांडीवर ठेवून स्तब्ध बसले. मी काही बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. पाणी तेलासारखं निपचित होतं. आणि माझ्या पायाखाली, तळाच्या मधल्या दारावर, कुणीतरी ठोकलं. टक. टक. टक. मधे एकेक श्वास बसेल एवढं अंतर. घाईनं नाही, रागानं नाही. शेजारी साखर मागायला आलेला माणूस ठोकतो तसं. माझ्या तळपायांना ते जाणवलं.

नानांनी वाकून तळहात त्या फळीवर टेकवला. "शे, शे," ते हळू म्हणाले. "आठेच शे." इथेच आहे, असं कुणाला तरी सांगावं तसं. मग वल्हं उचललं आणि तिथून नाव काढली.

माझं शिकलेलं डोकं लगेच कामाला लागलं. खाली कडी लटकते, ती हलली असेल. पण पाणी हलत नव्हतं. खाली एखादी भिंत असेल, तिला कडी लागली असेल. दुसऱ्या दिवशी मी नानांना पुन्हा तिथे घेऊन गेले आणि दोरीला दगड बांधून सोडला. अठरा हात पाणी निघालं. नंतर सबंध महिना मी त्या नावेत बसले, लाटांत बसले, वाऱ्यात बसले. कडी दुसरीकडे कुठेही वाजली नाही. वाजायची ती त्याच जागी, सहाव्या वळणानंतर, नानांच्या मोजणीनं डाव्या हाताच्या तिसऱ्या घरावर. एकदा मी दातओठ खाऊन मोजत बसले होते. सहावं वळण झालं, एक घर, दोन घरं, आणि तिसऱ्याला टक. मी त्यानंतर मोजलं नाही.

नानांची थोरली बहीण म्हणजे अक्का. नव्या गावात नानांच्या घराला लागून तिची एक खोली होती, आणि त्या खोलीचं दार कधी लागायचं नाही. थंडीत नाही, वावटळीत नाही. शेळ्या आत शिरायच्या, कुत्री शिरायची, अक्का त्यांना हाकलायची, पण दाराला लावलेली वीट हलू द्यायची नाही. मी सवयीनं दार लोटायला गेले की आतून आवाज यायचा, "लाऊ नको व माय, ऱ्हाऊ दे." तिच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला मी मुद्दाम दुपारची जायचे. पंचाऐंशीची होती. हाडं चिमणीसारखी झालेली. त्या हिवाळ्यात तिनं अंथरूण धरलं.

एकदा नाना बाहेर वाकसानं लाकूड तासत होते तेव्हा तिनं मला जवळ बसवलं. येतोच म्हणून सुरतेला गेलेले दाजी ते हिचेच यजमान. "जाताना सांगी गयात, दार लावजो नको, मी उनूच," अक्का म्हणाली. "गाव उठनं तवय बठ्ठास्नी घरेस्ले कड्या लाया. मी नही लायी. उघडंच ठेवीसन उनू. ते उनात तर?" मग तिनं उघड्या दाराकडे मान वळवली. "आते नही येत ते. मले बी जावानं शे. पन घर उघडं ठेवीसन कसं जावानं? नानाले सांग. दर उन्हायाले पानी उतरस, गाव निंघस. जाईसन कडी लाई ये म्हना. मन्हं तो आयकत नही."

मी बाहेर येऊन नानांना सांगितलं. त्यात काय, उन्हाळ्यात पाच मिनिटांचं काम, बहिणीच्या जिवाला तेवढीच शांती. नानांचा वाकस हातातच थांबला. त्यांनी मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. "तुम्ही आपला नकाशा काढा, म्याडम," हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. मी तडक बसस्टँडवर आले आणि दोन महिने तिकडे फिरकले नाही. मलाही राग येतो.

मे महिन्यात पुन्हा गेले. त्या वर्षी पाणी फार उतरलं होतं आणि जुनं गाव उघडं पडलं होतं. नाना काठावर बसलेले होते. मागचं काही झालंच नाही अशा थाटात म्हणाले, "चाला, गाव दखाडस." आम्ही दोघं पायी निघालो. भेगाळलेला गाळ, त्यात पांढऱ्या शिंपल्या, मातीच्या भिंती विरघळून गेलेल्या, दगडी तेवढ्या उभ्या. मारुतीसमोर वहाणा काढल्या तर पाय भाजले. वळणं मला पाठ होती, त्यामुळे मीच पुढे चालत होते, आणि अंगावर काटा येत होता तो याचा, की जिथे कधी पाऊल टाकलं नाही तिथला रस्ता मला येत होता. मध्येच जुनी खोड उफाळली. मी टेप काढून गल्ली मोजली. साडेपाच हात. दुसरीकडे मोजली. तिथेही पाचाच्या वर.

"नाना, तुमची गल्ली तर चांगली ऐसपैस निघाली की! साडेतीन कुठून आणलंत?" मी खुशीत येऊन म्हटलं. मी सहावं वळण घेतलं. एक घर, दोन घरं. तिसऱ्याची समोरची दगडी भिंत उभी होती आणि तीत सागाची काळी पडलेली चौकट. दार नव्हतं. टेप माझ्या हातात होताच. मी उंबऱ्यापासून वर लावला. जुन्या घरांची दारं ठेंगणी असतात. साडेतीन हात.

नाना उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले. "अक्कानं दार शे," ते म्हणाले. "जुनं साग व्हतं. पानीमा वाया जाई म्हनीसन काढं. बठ्ठास्ले इचारं, तिले नही इचारं. ती नही म्हनती. कापाले गऊ तर हात चालना नही. मंग त्यानाच मापनी नाव करी."

म्हणजे सपाट तळ, आडव्या फळ्या, ती रुंदी, ज्याला मी व्याख्यानांत परंपरेचं शहाणपण म्हणत होते, ते सगळं एका माणसाला एक दार कापवलं नाही म्हणून झालं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्यांची फार माया आली.

"पहिल्याच फेरीले ठोकनं," नाना म्हणाले. "तवयपासून ठोकस. दाजी शेतस."

"पण नाना, घर तर उघडंच आहे. उघड्या घरात माणूस सरळ आत जाईल. ठोकेल कशाला?"

"इतला वरीस बाहेर ऱ्हायेल मानूस," नाना म्हणाले, "ठोकाशिवाय घरमा कसा जाई? त्याले दार पायजे."

भर दुपार होती, डोक्यावर ऊन होतं, लांबवर कुणाच्या तरी शेळ्या दिसत होत्या. तरीही मी त्या चौकटीतून आत बघितलं नाही.

दार परत न्यायचं तर नाव मोडावी लागणार होती. तळाचं एक दार काढलं की सगळा तळ सुटणार. आणि नाव मोडली तर पलीकडच्या शेतांना जायचं कसं? तेव्हा आधी नवी नाव, मग जुनीचं दार, आणि हे सगळं अक्का आहे तोवर. नानांना एकट्यानं आता झेपणारं नव्हतं. मापं त्यांच्या हातांत होती आणि हात थरथरू लागले होते. "तुमना कागद काढा आते," ते मला म्हणाले. चाळीस वर्षांपूर्वी ज्या कामासाठी मी शिकले होते ते काम मला मिळालं.

पावसाळाभर आम्ही भांडलो. यावलहून साग आणला, बाभळीच्या फांद्या नानांनी बांधाबांधावर फिरून निवडल्या. होडी वाऱ्यानं आडवी सरकू नये म्हणून पोटातून खाली उतरणारी खोल फळी मी काढून दाखवली. नानांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "घरेस्ना धाबावर नांगर चालाडशी का व माय?" मी ती खोडली आणि त्याऐवजी दोन्ही अंगांना दोरीनं वर-खाली होणाऱ्या फळ्या लटकवल्या. खाली काही लागलं की त्या आपोआप उचलल्या जातात. उथळ, झाडंझुडपं बुडालेल्या पाण्याला याहून चांगली युक्ती मला आजही सुचलेली नाही. शेवटी रुंदीचा प्रश्न आला. आता दार नाही, गल्ली साडेपाच हात आहे, आता तरी चार ठेवू का? "साडेतीनच ठेव," नाना म्हणाले. "मानूसले बी शेवटले तितलीच जागा लागस."

दिवाळीच्या पाडव्याला नवी नाव पाण्यात उतरली. अशी हलकी, अशी ऐकणारी होडी मी आयुष्यात हाकली नव्हती. सहावं वळण घेऊन तिसऱ्या घरावर आलो. नानांनी तळहात फळीवर टेकवला. काहीच नाही. नाना खूप वेळ तसेच वाकून बसले. त्यांचा चेहरा सुटल्यासारखा दिसेल असं मला वाटलं होतं. तो भ्यालेला दिसला.

त्याच आठवड्यात जुनी नाव मोडली. मधलं दार निघालं तेव्हा आम्ही ते भिंतीला उभं केलं. आतली बाजू चाळीस वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेली. बाहेरची, पाण्याकडची बाजू काळी. आणि त्या काळ्यावर, माणसाच्या छातीच्या उंचीला, रुपयाएवढा एक खळगा. तिथे लाकूड झिजून पांढुरकं पडलं होतं.

"कडी आपटून पडला असेल," मी म्हणाले.

नानांनी कडी धरून सगळीकडे फिरवून दाखवली. ती तिथवर पोचत नव्हती.

हिवाळा अक्कानं कसाबसा काढला. तिला आता दिसत नव्हतं, पण दारातून वारं येतंय की नाही एवढं कळायचं. नानांनी तिला शेवटी सांगितलं की मेमध्ये कडी लावून येतो. दाराचं मात्र सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. ती रोज विचारायची, पानी कितलं उतरनं? आणि नाना रोज काठावर जाऊन बघून यायचे. पाणी उतरायला इतकं सावकाश उतरतं हे मला तेव्हा समजलं. मारुतीचा कळस दिसला, मग पाटलाची भिंत, मग गल्ली.

वैशाखातल्या एका सकाळी आम्ही दार नव्या नावेत आडवं ठेवलं. नाव गाळापर्यंत गेली. तिथून दोन शेतकऱ्यांनी हात दिला, पण गल्लीच्या तोंडाशी त्यांनी दार खाली ठेवलं आणि म्हणाले, नाना, पुढे तुम्हीच जा. मी आणि नानांनी ते कसं नेलं हे माझ्या गुडघ्यांना अजून आठवतं. चौकटीच्या खोबणीत दार चढलं. चाळीस वर्षांनी, पाण्यातून काढलेलं लाकूड, आणि कुठे घासलं नाही, अडलं नाही. नानांच्या कपाळावर घाम आला होता. ते दार उघडं धरून उंबऱ्याच्या बाजूला झाले, कुणाला तरी वाट देतो तसे.

"दाजी," ते म्हणाले, "घरमा या. आते लावस."

वहाणा काढून आत यायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते थांबले. मग दार ओढून घेतलं आणि कडी कोयंड्यात अडकवली. आम्ही परत निघालो. मागे वळून बघायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही बघितलं नाही.

नव्या गावात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. नाना झपझप पुढे चालत होते, बहिणीला सांगायचं होतं ना. खोलीपाशी येऊन ते थांबले. वीट बाजूला पडलेली होती. अक्काच्या खोलीचं दार लागलेलं होतं. नानांनी लोटून पाहिलं. आतून कडी होती. अंथरुणावरून उठून बसायलासुद्धा तिला दोन माणसं लागत होती.

"अक्का," नानांनी हाक मारली. मग बोटं दुमडून ठोकलं. टक. टक. टक. तो आवाज मला माहीत होता. नानांनाही होता. चौथ्यांदा उचललेला हात त्यांनी तसाच खाली घेतला आणि ओट्यावर बसले. "ऱ्हाऊ दे," मला म्हणाले. "लागनं दार." मग ते लहान मुलासारखे रडले, आणि मीही रडले. नंतर माणसं पत्र्यावरून आत उतरली. अक्का अंथरुणावर नीट झोपलेली होती, डोक्यावरून पदर घेतलेला, पायाच्या टाचा धुळीनं पांढऱ्या.

त्यानंतर नाना दोन वर्षं नाव चालवत होते. सगळ्या गल्ल्यांतून जायचे, पण सहावं वळण त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही. मी एकदा विचारलं. "बंद घरवरतीन जाऊ नये," म्हणाले. माझ्या नकाशावरून पुढे तशा आणखी चार नावा झाल्या. त्या चालवणारे जुन्या गावाच्या वेळी जन्मलेही नव्हते, त्यांना सरळ जायला काही हरकत नाही. तरी त्यांतले दोघं मारुतीवर वहाणा काढताना मी पाहिलेत.

शेवटच्या दुखण्यात नानांना धुळ्याच्या दवाखान्यात आणलं. मी जवळ राहणारी, म्हणून दुपारची पाळी माझी. खोलीचं दार आपोआप लागणारं होतं, आणि ते लागलं की नाना कासावीस व्हायचे. "उघडं ऱ्हाऊ द्या, अक्का येई." नर्स बिचारी दर वेळी उघडून जायची, दार पुन्हा लागायचं. अखेर मी माझ्या पायातली एक चप्पल काढून दाराच्या फटीत अडकवली. नाना हसले. "चांगलं डोकं चालाडं, म्याडम," म्हणाले. तीन दुपारी मी तशीच एका पायात चप्पल घालून बसले. आम्ही होड्यांबद्दल बोललो. पुढची थोडी रुंद कर, असं ते एकदा म्हणाले. मी वहीत लिहून घेतलं.

चौथ्या दुपारी त्यांचा डोळा लागला तसं मी दुसरी चप्पल खुर्चीपाशी काढली आणि अनवाणीच चहा आणायला खाली गेले. पाच मिनिटं. वर आले तर वऱ्हांड्यात कुणी नव्हतं. नानांच्या खोलीबाहेर, भिंतीला लावून, माझ्या दोन्ही चपला जोडीनं नीट मांडून ठेवल्या होत्या. दार लागलेलं होतं.

चहाचा पेला एका हातात होता. दुसऱ्या हाताची बोटं मी दुमडली, दारापर्यंत नेली, आणि मग खाली घेतली. मी ठोकलं नाही.